पिल्लू घरातच शू-शी करतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या घरी गेली काही वर्षं रस्त्यावरची पिल्लं तात्पुरती मुक्कामाला येतात आणि कायमचं घर मिळालं की जातात. पिल्लू नेणाऱ्यांचा पहिल्याच आठवड्यात फोन येतो. खाण्याचं, लसींचं बोलून होतं आणि मग हळूच विचारतात, "ताई, हे घरातच करतं हो. फार हट्टी आहे." त्या फोनांवर आलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सवय लावायला कधीपासून सुरुवात करायची?

घरी आणाल त्या दिवसापासून. उंबरठा ओलांडण्याआधी पिल्लाला ठरवलेल्या जागी न्या, तिथे शू होऊ द्या आणि मगच आत आणा.

पिल्लाला स्वच्छतेची जाण अजिबात नसते, हा गैरसमज आहे. जन्मल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याला शू-शी होते, आणि तीच सगळं साफ करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ते लडखडत का होईना, झोपायची जागा सोडून चार पावलं बाजूला जाऊ लागतं. सात ते नऊ आठवड्यांच्या काळात पायाखाली काय लागलं की शू करायची, याची त्याला सवय जडते. मातीवर वाढलेलं माती शोधतं, फरशीवर वाढलेलं फरशी. तुमच्याकडे येतं तेव्हा ते बहुधा याच वयाचं असतं, म्हणून पहिले दिवस मोलाचे.

ते किती वेळ धरून ठेवू शकतं?

ढोबळ हिशेब असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपलेलं असेल तर. जागं असेल, उड्या मारत असेल, तर अर्ध्या-पाऊण तासात त्याला जावंच लागतं. मूत्राशयावरचा ताबा वयाच्या चार ते सहा महिन्यांत नीट येतो. अडीच महिन्यांच्या पिल्लाने दर तासाला शू केली तर त्याला हट्ट म्हणू नका. पामेरियन, शित्झूसारख्या छोट्या जातींचं मूत्राशयही छोटं असतं, त्यांना आणखी सांभाळून घ्यावं लागतं.

बाहेर अर्धा तास फिरवतो तेव्हा काही करत नाही. घरात पाऊल टाकलं की लगेच करतं. हे मुद्दाम करतं ना?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि घरच्यांचा धीर सुटतो तो इथेच. मुद्दाम करत नाही. बाहेर त्याच्यासाठी नुसती जत्रा असते. रिक्षाचा आवाज, झाडूचा खरखराट, दुसऱ्या कुत्र्यांचे वास, शाळेतून येणारी मुलं. लहान पिल्लू एक तर त्यात हरवतं किंवा घाबरतं, आणि घाबरलेलं पिल्लू शू आवरून धरतं. घरी आलं की अंग सैल सोडतं आणि होऊन जातं.

दुसरं कारण आपणच तयार करतो. शू झाली रे झाली की आपण पट्टा ओढून घराकडे वळतो. चार दिवसांत पिल्लाच्या लक्षात येतं की शू केली की मजा संपते. मग ते शक्य तितकं लांबवतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी शू, मग फेरफटका. पट्टा छोटा धरा, एकाच ठरलेल्या जागी न्या आणि खांबासारखे उभे राहा. मोबाइल नाही, लाडीगोडी नाही, चालणं नाही. ते तुमच्याभोवती घुटमळेल, कंटाळेल, मग जमीन हुंगायला लागेल. सुरू झालं की हळू आवाजात एकच शब्द म्हणा, "शू कर". घरात सगळ्यांनी हाच शब्द वापरायचा. एकाने "सूसू", दुसऱ्याने "जा पटकन" असं चालणार नाही. झालं की एक-दोन सेकंदांच्या आत, तिथेच उभं राहून खाऊ द्या: उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, पनीर, गाजर, जे आवडेल ते. घरी येऊन दिलेला खाऊ वाया जातो, कारण त्याच्या हिशेबी तो घरात शिरल्याबद्दल मिळालेला असतो. आणि शू पूर्ण होण्याआधी कौतुकाचा कल्ला करू नका. पिल्लू अर्ध्यावर थांबतं, तुमच्याकडे धावतं आणि उरलेली शू जिन्यात करतं.

दहा मिनिटांत काहीच झालं नाही तर शांतपणे परत या, पण घरात मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या किंवा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा. पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी. दोन-तीन खेपा होतील. पहिल्या दोन दिवसांत मी एका पिल्लासाठी सकाळी पाच-पाच वेळा खाली गेले आहे. तिसऱ्या दिवसापासून फेऱ्या कमी होत जातात.

पायपुसणं, गादी, सतरंजी, नेमकं त्यावरच का करतं?

मऊ आणि पाणी शोषून घेणारं काही पायाला लागलं की पिल्लाला ती योग्य जागा वाटते, शिवाय पायांवर शिंतोडे उडत नाहीत. पण एकदा ते कुठे वाढलं, याचाही विचार करून पाहा.

आमच्याकडे बंड्या नावाचं पिल्लू आलं होतं, वारज्याकडच्या एका बांधकामावर जन्मलेलं. सोसायटीच्या बागेत नेलं की नुसतं बसून राहायचं, आणि घरी येताच थेट न्हाणीघराच्या दाराशी, तागाच्या पायपुसण्यावर. पायपुसणं उचलून ठेवलं तर सतरंजीवर. आठवडाभर हेच. सगळ्यांनी त्याला हट्टी ठरवलं. मग एका दुपारी मी जवळ बसून नुसतं पाहिलं. पायपुसण्यावर चढायचं, पुढच्या पंजाने दोनदा खरवडायचं, नाक टेकवून वास घ्यायचा, मागचे पाय फाकवून खाली बसायचं आणि शू करताना डोळे अर्धवट मिटायचे. इतकं निवांत पिल्लू चूक करत असेल, असं वाटेना. बांधकामावरच्या वॉचमनला विचारलं तेव्हा कळलं की आईने पिल्लं घातली ती खोली धान्याच्या रिकाम्या गोणपाटांनी भरलेली होती. बंड्याच्या पायांना शू करायची जागा म्हणून गोणपाटच ठाऊक होतं.

मग वाण्याकडून एक गोणपाट आणलं, त्यावर बंड्याची शू टिपलेलं फडकं घासलं आणि पार्किंगच्या भिंतीमागे मातीवर अंथरलं. तिसऱ्या खेपेला तो त्यावर चढला, खरवडलं आणि बसला. पुढे दर दोन दिवसांनी कात्रीने तुकडा छोटा करत गेले आणि वर माती पसरत गेले. अकराव्या दिवशी तळहाताएवढं गोणपाट उरलं होतं, नंतर तेही काढलं. घरातली पायपुसणी तेवढे दिवस कपाटात होती.

तुमचं पिल्लू दुकानातून किंवा ब्रीडरकडून आलं असेल तर ते कशावर वाढलं हे विचारा. पिंजऱ्यात कोंडून वाढलेल्या पिल्लाला झोपायच्या जागीच करायला लागलेलं असतं. त्याची स्वच्छतेची उपजत जाण मोडलेली असते आणि त्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायला आपल्याकडे नियमांनी बंदी आहे, हेही घेण्याआधी लक्षात ठेवा.

लसी पूर्ण झालेल्या नाहीत. खाली नेऊ नका असं डॉक्टर म्हणतात. मग काय करायचं?

डॉक्टरांचं ऐका. पार्वो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लहान पिल्लाचा जीव घेतो. लसींचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर वाट पाहिली तर सवय लावायचे दिवस निघून जातात, म्हणून माती घरात आणायची. रोपवाटिकेतून मातीची एखादी पिशवी आणि हिरवळीचा तुकडा घ्या, गॅलरीत रुंद ट्रेमध्ये पसरा. वर सांगितलेली सगळी पद्धत त्या ट्रेपाशी तशीच वापरा: पट्टा, उभं राहणं, शब्द, खाऊ. माती दोन-तीन दिवसांनी बदला. स्वतःचं कुंपण घातलेलं अंगण असेल आणि बाहेरची कुत्री तिथे येत नसतील, तर डॉक्टरांना विचारून ते वापरता येतं.

याच काळात पिल्लाला कडेवर घेऊन रोज खाली जा. पाय जमिनीला न लावता रस्त्याचे आवाज ऐकू द्या. पुढे बाहेर न्याल तेव्हा भीती कमी असेल.

पेपर अंथरला तर?

मला तो फारसा पटत नाही. पेपरवर शिकलेलं पिल्लू मोठं झाल्यावर सोफ्यावर उघडा पडलेला पेपरही आपलाच समजतं, आणि त्याचा काही दोष नसतो. शू पॅडचं तेच, तो पायपुसण्यासारखाच लागतो. घरात वयस्कर माणूस एकटं असेल, चौथा मजला असेल आणि लिफ्ट नसेल, तर कायमची जागा म्हणून गॅलरीतला ट्रे बरा. मात्र गॅलरी धुतलेलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणार नाही, एवढं पाहा. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

चार क्षण सांभाळा: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, भरपूर पाणी प्यायल्यावर आणि खेळ थांबल्यावर. पोटात अन्न गेलं की आतडं हलायला लागतं, त्यामुळे जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत शी होते. जेवणाच्या वेळा ठरल्या की शीच्या वेळा आपोआप ठरतात. दिवसभर वाटी भरून ठेवू नका. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा.

सकाळी डोळे उघडले की त्याला उचलूनच न्या. चालवत नेलं तर दारापर्यंतही पोचत नाही, लिफ्टची वाट पाहणं तर दूरच. पहिले दहा दिवस फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि घरात कोणीही पाहिलं तरी वेळ लिहा: ७.१० शू, ७.४० शी, ९.०५ शू सोफ्यामागे. चार दिवसांत त्याची घडी तुम्हाला वाचता येईल आणि पाच मिनिटं आधी उठता येईल. खेळ अर्धवट टाकून बाजूला जाणं, नाक खाली धरून गोल फिरणं, अचानक गप्प होणं, या खुणा दिसल्या की हातातलं काम टाका.

आणि दूध-पोळी बंद करा. बऱ्याच पिल्लांना गाईचं-म्हशीचं दूध पचत नाही, पातळ शी होते, आणि पातळ शी कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

चूक झाली की ओरडायचं का? नाक घासावं असं सगळे सांगतात.

कृपा करून नाक घासू नका. पेपरची गुंडाळीही उगारू नका. पिल्लू शिक्षेचा संबंध त्याच क्षणाशी जोडतं. दहा मिनिटांपूर्वीच्या डबक्याशी तो त्याला जोडता येत नाही. ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू केली तर मार बसतो. मग बाहेरही तुमच्यासमोर करत नाही आणि घरात पलंगाखाली लपून करतं. तुम्ही ज्याला हट्ट म्हणता, तो बऱ्याचदा या शिक्षेतून आलेला असतो.

"पण त्याला कळतं, बघा कसं अपराध्यासारखं तोंड करतं." कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याच तोंडावर प्रयोग केला होता. कुत्र्याने खरंच काही केलं होतं की नव्हतं, याने फरक पडला नाही. मालक रागावले की ते तोंड दिसायचं, आणि काहीच न केलेली कुत्रीही तसंच करायची. ती तुमच्या रागाला घाबरलेली असतात.

डोळ्यांसमोर सुरू झालं तर टाळी वाजवा, उचला, ठरलेल्या जागी न्या. तिथे उरलेली झाली तर खाऊ द्या. नंतर दिसलं तर गुपचूप पुसा.

फिनेलने पुसलं तरी तिथेच का करतं?

कारण फिनेलचा वास आपल्या नाकासाठी आहे, त्याच्या नाकाला खाली उरलेली शू येतेच. काळ्या फिनेलमधली रसायनं पंजांना लागतात आणि पिल्लू पंजे चाटतं, म्हणून ते घराबाहेरच ठेवा. अमोनिया असलेला क्लीनर तर मुळीच नको, शूला येणारा वास त्याच जातीचा असतो.

आधी जुन्या कापडाने दाबून टिपून घ्या, घासू नका. मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्या, लगेच पुसला तर काम करत नाही. तो नसेल तर व्हिनेगर आणि पाणी समसमान चालतं, पण फक्त चिनी मातीच्या टाइल्सवर. संगमरवर, शहाबादी आणि कोटा फरशीवर व्हिनेगरने डाग पडतात, तिथे साबणाचं पाणी वापरा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. लादी पुसायला येणाऱ्या मावशींना हे सगळं नीट समजावून सांगा, बादलीत काय घालायचं ते दाखवा. आपण आठवडाभर कष्ट घेतो आणि एका सकाळच्या फिनेलने गोंधळ होतो.

रात्री काय?

पिल्लाला तुमच्या खोलीतच झोपू दे. उभं राहून वळता येईल एवढीच पेटी किंवा क्रेट, आत चादर. जागा मोठी असली तर एका कोपऱ्यात झोपतं, दुसऱ्यात करतं. कुईकुई ऐकू आली की दिवे न लावता, न बोलता बाहेर न्या आणि परत झोपवा. दोन-अडीच महिन्यांचं असेल तर रात्री एकदा-दोनदा उठावंच लागेल. झोपण्याआधी दीडेक तास पाण्याचं भांडं उचललं तर चालतं, पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हे अजिबात करू नका.

आम्ही दोघंही नोकरीला जातो.

मग खरं सांगते: दोन महिन्यांचं पिल्लू आत्ता आणू नका, वर्षभराचं कुत्रं दत्तक घ्या. आणलंच असेल तर दुपारी दोन वेळा येणारं माणूस हवं. आठ तास क्रेटमध्ये कोंडणं हा उपाय नाही.

पावसात बाहेर पायच टाकत नाही.

अनेक देशी पिल्लांना ओलं गवत आणि पोटावर पडणारं पाणी नको असतं. छत्री त्याच्या डोक्यावर धरा, स्वतः भिजा. पार्किंगमध्ये किंवा पत्र्याखाली कोरडी माती असलेला एक कोपरा मे महिन्यातच ठरवून ठेवा. डबक्यांतून नेऊ नका. उंदरांच्या शूमधून लेप्टो नावाचा आजार पसरतो, तो माणसांनाही होतो, लसीत लेप्टो आहे का हे डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर पंजे पुसा.

सगळं शिकलं होतं, अचानक पुन्हा सुरू झालं.

आधी डॉक्टर. थोडी थोडी, वारंवार शू, करताना कण्हणं, लालसर रंग, खूप पाणी पिणं, झोपेत गळणं, यातलं काही दिसलं तर शिकवणी थांबवा आणि तपासणी करा. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर कितीही खाऊ देऊन उपयोग नाही. जंतनाशक वेळच्या वेळी दिलंय ना, तेही पाहा.

सहाव्या महिन्यानंतर नर पाय वर करून खुर्चीच्या पायांवर थोडी थोडी करत असेल तर ते आपल्या हद्दीची खूण करणं आहे. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. पाहुणे आल्यावर किंवा तुम्ही वाकून हात लावल्यावर दोन थेंब गळत असतील तर ते आनंदाने किंवा दबून होतं. रागावलात तर वाढेल. आल्यावर दोन मिनिटं लक्ष देऊ नका, मग खाली बसून बाजूने हात लावा.

दिवाळीत मात्र बहुतेक सगळी पिल्लं मागे जातात. एकदा खाली सुतळी बॉम्ब फुटला की त्या जागेचीच धास्ती बसते. ते दिवस पहाटे लवकर आणि संध्याकाळी फटाके सुरू होण्याआधी न्या. रात्री गॅलरीतला ट्रे पुन्हा काढा. नंतर दोन आठवडे पहिल्या दिवसासारखं शिकवा.

आजींना देवघरात नको आहे. घरात रोज वाद होतात.

आजींचं म्हणणं रास्त आहे, त्यांची जागा त्यांना सुरक्षित वाटली पाहिजे. दाराला लाकडी फळी किंवा लहान मुलांसाठी मिळणारं फाटक लावा. तसंही पिल्लाला पहिले दोन महिने एक-दोन खोल्याच द्यायच्या असतात. आमच्या सासूबाईंनी पहिले काही दिवस पिल्लाला हातही लावला नाही, पण फ्रिजवरच्या कागदावर वेळा सगळ्यात नेमक्या त्यांनीच लिहिल्या होत्या.

शेवटी किती दिवस लागतात?

लक्ष देणारं माणूस घरात असेल तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. निर्धास्त व्हायला चार ते सहा महिने, छोट्या जातींना कधी वर्षही लागतं. सलग चार आठवडे घरात एकही चूक झाली नाही की एक नवी खोली उघडा, आणि पहिल्या दिवशी त्या खोलीत त्याच्याबरोबर जमिनीवर बसा. तिथे चूक झाली तर खोली आठवडाभर बंद करून पुन्हा उघडा. बंड्याला सतरंजीची खोली सगळ्यात शेवटी मिळाली, साडेपाच महिन्यांचा असताना.